तुम्ही रेकॉर्ड ऐकता कशा? (जॅझ, आफ्रिका, क्युबा अन् आमची रात्रीची लाईन)

पळसबन

राम राम मंडळी. चार वर्षं झाली इथं नुसता वाचून राहिलो, आज हिंमत करून धागा काढतो. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

प्रश्न साधा आहे. मशीन कोणतं, सुई कोणती ते नाही विचारत, त्याचे ढीगभर धागे पडले आहेत. ऐकता कशा? रोज नवीन का तीच ती? दिवसा का रात्री? बसून का काम करता करता?

माझं सांगतो. हिंगणघाटकडचं खेडं, कृषी केंद्राचं दुकान, घराला लागूनच नऊ एकर. रेकॉर्डी असतील साडेतीनशे. निम्म्या भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं आलेल्या, काही मुंबईच्या चोरबाजारातून आणलेल्या अन् दहा-बारा भाच्यानं बाहेरदेशातून आणून दिलेल्या. जॅझ जास्त, मग माली, नायजेरिया, क्युबा, थोडं अरबी. गावात लोक म्हणतात याच्या घरी इंग्रजी भजनं लागतात.

सवय अशी पडली की एक रेकॉर्ड लावली की पंधरा दिवस तीच. याला कारण शौक नाही, कारण आहे रब्बीची लाईन, म्हणजे शेतातल्या पंपाची वीज. एक हप्ता दिवसाची, एक हप्ता रात्रीची. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याच्या ओलितासाठी जागावंच लागते, अर्ध्या अर्ध्या तासानं बॅटरी घेऊन जा, पाणी दुसऱ्या सरीत वळवा, परत या, झोप तशीही होत नाही, तर मग म्हटलं बसूनच राहू. पियानोवाल्या कीथ जॅरेटचा जर्मनीतल्या कोलोनचा कार्यक्रम आहे, २४ जानेवारी १९७५ चा, त्याची पहिली बाजू २६ मिनिटांची. सुई ठेवली, बसलो, बाजू संपली, उठलो, फावडं घेतलं, पाणी वळवलं. एका बाजूत माझ्या चार सऱ्या भरतात. त्या रात्री त्याला पाहिजे तो पियानो भेटलाच नव्हता, भेटला तो लहान अन् वरच्या सप्तकात पत्र्यासारखा वाजणारा. तर बावानं बराच वेळ मधल्या सप्तकात अन् डाव्या हाताच्या ठेक्यावर काढला. एक बैल लंगडा निघाला तर वखर कसं हाकायचं हे त्याला समजत होतं असं मला प्रत्येक वेळी वाटते.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. मार्च संपला की घरात कूलर, अन् कूलरच्या आवाजात बिल इव्हान्सचा पियानो ऐकून दाखवा कोणी. त्याची न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातली रेकॉर्ड माझ्याकडे आहे, २५ जून १९६१ ची. चार-पाच वर्षं ऐकत होतो. एकदा मे महिन्यात कूलरची मोटर जळाली, घामाच्या धारा लागलेल्या, अन् त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आलं की मागं ग्लास किणकिणून राहिले, लोक हळू आवाजात बोलून राहिले, एक बाई हसली. मी आजवर ते कूलरच्या टाकीतलं पाणी समजत होतो! त्यात बास वाजवणारा स्कॉट लाफारो त्यानंतर अकरा दिवसांनी गाडीच्या अपघातात गेला, वय पंचवीस. तेव्हापासून बिल इव्हान्स फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात नायजेरियाचा फेला कुटी, तो कूलरला भारी पडते. एकेका बाजूला एकेकच गाणं अन् टोनी ॲलनचा ड्रम, चारी हातपाय चार वेगळ्या गावचे असल्यासारखे.

अन् एक अडचण आहे, ती पण याच धाग्यात टाकतो. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) सध्या लावली आहे. पोरीची पेटी घेऊन सोबत सूर धरायचा नाद लागला मला. तर पहिल्या बाजूला पेटी लागतच नाही. पांढरी दोन पट्टी धरली तर रेकॉर्ड चढी वाटते, तिला लागूनची काळी दोन धरली तर उतरलेली. मधेच कुठं तरी आहे. टर्नटेबल जास्त फिरून राहिला म्हणून खालचा स्क्रू पिळून स्पीड कमी केला, पहिली बाजू जुळली, तर दुसरी बाजू उतरली! आता हे काय लफडं आहे? मशीन बिघडलं का पेटी का माझे कान?

वऱ्हाडी_भौ

आरं बाप्पा! हरभऱ्याले पियानो! भौ तुमच्या हरभऱ्याले घाटे बी काळे-पांढरे येत असतीन.

मी दर्यापूरकडचा. माह्या मामा बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवे, लग्नात, संदलीत, सगळीकडं. त्याले मी मोबाईलवर न्यू ऑर्लिन्सची बँडपार्टी ऐकवली, मयतीची. जाताना धीरे धीरे रडकं वाजवतेत अन् माती देऊन वापस येताना नाचतं वाजवतेत. मामा म्हणे, ‘पोट्ट्या, यायले बिदागी आगाऊ भेटली अशीन.’ मंग दुसऱ्या दिवशी सोताच म्हणे लाव ते रडकं, जाताना वाजवते ते. तीनदा ऐकलं त्यानं. येतानाचं एकदाबी नाई.

पेटीचं मले नाई समजत. पण घरी आजाच्या जुन्या जाड तबकड्या हायेत, लय मळल्या. स्पिरिटनं पुसू का?

पळसबन

@वऱ्हाडी_भौ थांबा! स्पिरिट लावू नका, हात जोडतो!

मी केला आहे हा गाढवपणा. आजोबांची नाट्यगीताची ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी, दवाखान्यातल्या कापसावर स्पिरिट घेतलं अन् पुसत बसलो. आधी कापूस काळा झाला, मला वाटलं काय मळ निघून राहिला! मग बोट चिकटायला लागलं. त्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात भाऊ, लाख अन् दगडाची भुकटी. आपला सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून दाराला पॉलिश मारते ना, तेच मी तबकडीला केलं. तीन इंचाचा पट्टा गुळगुळीत झाला, आता तिथं सुई आली की गायक गप अन् नुसती खरखर.

पळसावरची, कुसुमावरची, बोरीवरची लाख, आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडची माणसं झाडावरून खरवडून काढतात ती. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई पडली म्हणून अमेरिकेनं शिपायांसाठी १९४३ पासून ज्या रेकॉर्डी काढल्या त्या प्लास्टिकच्या जातीच्या काढल्या, त्यात जॅझ भरपूर. ज्या झाडाखाली आपण होळीचा रंग करायला फुलं वेचतो त्या जातीच्या झाडावरून जगभरची गाणी निघाली. म्हणून माझं इथलं नाव पळसबन, कोणीतरी विचारलं होतं मागं.

तुम्ही बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, मऊ सुती कापड. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका.

सगळं_फुकट

काका राग मानू नका पण हे सगळं कशासाठी? फोनवर सगळं आहे. फेला कुटी आहे, माइल्स आहे, फुकट आहे. स्पीडची कटकट नाही, स्पिरिटची नाही. पंधरा दिवस एकच रेकॉर्ड म्हणजे शिक्षा वाटते. मी तेवढ्यात दोनशे अल्बम ऐकतो.

वऱ्हाडी_भौ

@सगळं_फुकट दोनशे ऐकले तं त्यातले दोन गुणगुणून दाखव बे.

मोहफूल

मी देसाईगंजकडची, शाळेत शिक्षिका आहे. माझ्याकडे रेकॉर्ड एकही नाही जी, पण धागा वाचून राहवलं नाही.

माझे बाबा जंगल खात्यात होते, अहेरीच्या पलीकडे पोस्टिंग, क्वार्टरात आम्ही चौघं अन् एक रेडिओ. रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकेचा जॅझचा कार्यक्रम लागायचा, विलिस कोनोव्हर नावाचा माणूस सांगायचा. १९५५ मध्ये सुरू झाला होता म्हणे तो कार्यक्रम. सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या बँडची धून, मग त्याचा जाड अन् सावकाश आवाज. जगभरच्या इंग्रजी न येणाऱ्यांना समजावं म्हणून तो मुद्दाम सावकाश बोलायचा. बाबा मॅट्रिक, इंग्रजी यथातथा, पण साहेबांसमोर इंग्रजी बोलले की तसेच बोलायचे, एकेक शब्द ठेवत ठेवत. नवीन आलेले साहेब चाट पडायचे.

आवाज यायचा अन् जायचा. लाटेसारखा. ट्रम्पेट ऐन रंगात आला की दुसरंच स्टेशन घुसायचं. अजूनही कुठं जॅझ स्वच्छ ऐकलं की काहीतरी कमी आहे असं वाटते.

आता मी फोनवरच ऐकते, हेडफोन लावून, पण @सगळं_फुकट सारखं नाही. इथिओपियाचे मुलातू अस्तात्के मला फार आवडतात, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) वाजवतात, लंडन अन् बोस्टनला शिकून गेलेले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं आपल्याच कोणी भूप लावला अन् मग लाजून दुसरीकडे वळला. नंतर शोधलं तर त्यांच्याकडे तिझिता म्हणून आहे, त्याच्या एका प्रकाराचे सूर भूपाचेच, सा रे ग प ध. तिझिता म्हणजे आठवण. आमच्या घरी पहाटे आई भूपाळी म्हणायची त्यामुळे मला तो शब्द कोणी समजावून सांगावा लागला नाही.

दूरदेशी

मूळचा अमरावतीचा, बावीस वर्षं न्यू जर्सीत. इथल्या एका रेकॉर्डच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो. जॅझच्या भिंतीच्या भिंती, आडनावानुसार लावलेल्या, अन् कोपऱ्यात खाली एक फळी, त्यावर लिहिलेलं ‘वर्ल्ड’. वाकून बघितलं तर भीमसेन जोशी, शेजारी बल्गेरियाच्या बायकांचा कोरस, शेजारी मालीचे अली फर्का तुरे. मी तिथंच उकिडवा बसून हसत होतो.

हे ‘वर्ल्ड म्युझिक’ नाव लेबल म्हणून ठरलं तेही एका दारूच्या गुत्त्यात. १९८७ साली लंडनमध्ये रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली, त्यांचा प्रश्न एवढाच की हा माल दुकानात ठेवायचा कुठं. एक फळी पाहिजे होती, फळीला पाटी पाहिजे होती. बस. आपली खंजिरीची भजनं कोणी तिथं नेली तर त्याच फळीत बसतील, क्युबाच्या शेजारी.

क्युबावरून आठवलं, ‘ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब’ ज्यांच्याकडे असेल त्यांना माहीत असेल, ती रेकॉर्ड मुळात होणारच नव्हती. १९९६ ला हवानामध्ये मालीचे वादक अन् क्युबाचे वादक एकत्र बसवायचं ठरलं होतं, मालीवाले पोचलेच नाहीत, व्हिसाची भानगड. स्टुडिओ बुक केलेला, मग गावातले म्हातारे गोळा केले. पळसबन दादा, ऐकताना तुमच्या जॅरेटच्या पियानोसारखंच वाटतं का ते?

पळसबन

@दूरदेशी वाटते खरं, पण म्हाताऱ्यांमध्ये एक जोर आहे तो जॅरेटमध्ये नाही. जॅरेट एकटा लढते. म्हातारे गप्पा मारत बसले आहेत अन् मधे मधे गाणं होऊन राहिलं. ती रेकॉर्ड मी पोळ्याच्या हप्त्यात लावतो, घरात पाहुणे असतात, कोणाला खटकत नाही. माझ्या सासूबाई म्हणाल्या, हे लोक जेवण झाल्यावर गात असतीन.

@मोहफूल ताई, तुमच्या बाबांचा रेडिओ वाचून दुकान उघडायला उशीर झाला आज. मी भूपाचं कधी धरलं नव्हतं, आज रात्री पेटी काढतो. ड्यूक एलिंग्टन १९६३ ला आपल्या देशात येऊन गेला, त्या दौऱ्यावर त्यानं अन् त्याचा जोडीदार बिली स्ट्रेहॉर्ननं पुढं धुना बांधल्या, त्यात एक दिल्लीतल्या साळुंकीवर आहे. क्लॅरिनेटवर साळुंकीची लकेर येते. वऱ्हाडी भौ, मामाला ऐकवा ती. आमच्या दुकानाच्या पत्र्याखाली साळुंकीचं घरटं आहे, रेकॉर्ड लावली तेव्हा ती काही बोलली नाही, तेवढं खरं सांगतो.

@सगळं_फुकट राग नाही रे बाबा. माझ्याकडे पण फोन आहे. पण फोनवर मी गाणं शोधत राहतो, ऐकत नाही. रेकॉर्ड बदलायला उठावं लागते, मला कंटाळा आहे, म्हणून तीच राहते अन् मग आठव्या-नवव्या दिवशी त्यातलं काही तरी नवीन निघते.

पण माझ्या पेटीचं कोणी बोलेल का?

पेटीमास्तर

उशिरा बघितला धागा, सप्ताह चालू होता आर्वीकडे, साथीला होतो.

पळसबन भाऊ, तुमच्या त्या रेकॉर्डमधली पहिली चीज, ‘सो व्हॉट’, माझ्या एका विद्यार्थ्यानं मला ऐकवली होती, तेव्हा मीही पेटीवर धरून पाहिली. सरळ काफी थाट आहे हो! गंधार निषाद कोमल, बाकी शुद्ध. गंमत पुढं आहे. तीनतालाच्या हिशोबानं मोजलं तर चार आवर्तनं सा पांढरी दोनवर, मग दोन आवर्तनं सगळा काफी उचलून काळी दोनवर, मग परत दोन आवर्तनं पांढरी दोन. सगळं मिळून आठ आवर्तनं, की पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे असं सा सोडून कोणी जात नाही. मला सुरुवातीला पायाखालची पायरी सरकल्यासारखं झालं, पण दोन आवर्तनांत माणूस घरी येतो म्हटल्यावर चिंता नाही.

माझी पेटी मात्र त्यासोबत बरोबर जुळली होती. विद्यार्थ्यानं मोबाईलवर ऐकवलं होतं. म्हणजे तुमच्या पेटीत दोष असेल तर घेऊन या, सूर बघून देतो, गावाकडे दमटपणानं उतरतात.

काटेकोर

पुण्यातून. जुनी मशीनं दुरुस्त करणं हा माझा धंदाच आहे म्हणून लिहितो, आणि कृपया तो स्क्रू पहिल्यांदा जिथे होता तिथे न्या.

दोष पेटीत नाही, टर्नटेबलमध्ये नाही, तुमच्या कानात तर मुळीच नाही. दोष त्या रेकॉर्डमध्येच आहे. ‘काइंड ऑफ ब्लू’ दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ ला, दुसऱ्या बाजूच्या २२ एप्रिलला. २ मार्चला ज्या मशीनवर मुख्य टेप होती ते मशीन किंचित हळू चालत होतं. टेप हळू चालवून भरली आणि नंतर बरोबर वेगाच्या मशीनवर वाजवली की काय होणार? सूर चढणार आणि लयही किंचित वाढणार. त्यामुळे मूळ छापाच्या रेकॉर्डची पहिली बाजू साधारण पाव स्वर चढी आहे. एप्रिलमध्ये मशीन ठीक होतं म्हणून दुसरी बाजू बरोबर. जगभर लोकांनी बत्तीस-तेहतीस वर्षं तीच चढी बाजू ऐकली. त्याच दिवशी दुसऱ्या मशीनवर एक जादा टेप भरलेली होती, ती बरोबर वेगाची, ती वापरून १९९२ च्या आवृत्तीत हे दुरुस्त केलं. पेटीमास्तरांनी मोबाईलवर ऐकलं ते दुरुस्त केलेलं असणार, म्हणून त्यांची पेटी जुळली.

खात्री करायची तर स्ट्रोबच्या (वेग तपासायच्या रेघांच्या) चकतीची गरज नाही, आणि हल्लीच्या बऱ्याच एलईडी दिव्याखाली ती नीट दिसतही नाही. कागदाची एक चिंधी टर्नटेबलच्या ताटाच्या कडेला चिकटवा, घड्याळ लावा आणि फेरे मोजा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे. रेकॉर्ड लावून, सुई टेकवून मोजा, रिकामं ताट मोजू नका. आणि इन्व्हर्टरवर असताना मोजू नका, तुमच्याकडचा स्वस्तातला असेल तर मोटर घरघरेल आणि वेगाचा भरवसा नाही.

सगळं_फुकट

थांबा थांबा, म्हणजे काकांनी पाव सूर कानानं पकडला? पेटीवर?

वऱ्हाडी_भौ

पंधरा दिवस एकच रेकॉर्ड. शिक्षा म्हणे!

पेटीमास्तर

काटेकोर साहेब, धन्यवाद. मी आयुष्यभर गवयांना चढे म्हणत आलो, रेकॉर्ड चढी असते हे पहिल्यांदा ऐकलं.

दूरदेशी

माझ्याकडे जुना छाप आणि नंतरची सीडी दोन्ही आहेत, आत्ता लागोपाठ लावून बघितलं. फरक कळतो! पण खरं सांगू, मला चढीच बरोबर वाटते. कॉलेजपासून तीच ऐकली ना. दुरुस्त केलेली ऐकताना माइल्स थकल्यासारखा वाटतो.

मोहफूल

@दूरदेशी दादा, माझं शॉर्टवेव्हचं तेच आहे.

पळसबन

मंडळी, काल रात्रीचा अहवाल.

लाईन रात्रीचीच होती. चिंधी म्हणून सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीचं लेबल कापून लावलं, पिवळं आहे, उठून दिसते. बायको मोबाईलवर वेळ पाहायला बसली, मी फेरे मोजायला. पहिल्या वेळी सत्तरवर आलो अन् पोरीनं मधेच विचारलं बाबा काय करून राहिले, गेला हिशोब. दुसऱ्या वेळी सत्त्याण्णव. म्हणजे मीच स्क्रू पिळून हळू करून ठेवलं होतं. थोडं थोडं मोकळं करत गेलो, अठ्ठ्याण्णव, एकशे एक, मग शंभर. पुन्हा मोजले, शंभर. तिसऱ्यांदा बायकोनं मोजले, तिचे पण शंभर.

मग दुसरी बाजू लावली. ‘ऑल ब्लूज’. पांढरी पाच धरली अन् पेटी अशी बसली की दोन्ही आवाज वेगळे ओळखू येईनात. मास्तर, हे खमाज अंगाचं आहे ना? निषाद कोमल, अन् दादऱ्यासारखं डोलते. पोरगी शाळेतलं हार्मोनियमचं पुस्तक घेऊन बसली, तिला पण लगेच सापडलं. पहिली बाजू लावली तर ती पुन्हा तशीच, पांढरी दोन अन् काळी दोनच्या मधे लटकलेली, पण आता तिचा राग नाही आला मला. २ मार्चला त्या मशीनजवळ कोणी तरी बसलं असेल, बाकी सगळं ठीक दिसून राहिलं असेल त्याला.

या सगळ्यात वावरात कोणी गेलंच नाही. पाणी एकाच सरीत दोन तास, बांध फुटून शेजारच्या तुरीत गेलं. सकाळी शेजारी दारात. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, पाव सूर, न्यूयॉर्क, १९५९. त्यानं ऐकून घेतलं, म्हणाला, ते सब ठीक आहे भाऊ, पण बांध कोण घालून देते? आत्ता फावडं घेऊन तिकडेच चाललो. मास्तर, रविवारी येता का? पेटीचे सूर पण बघून घ्या, मधल्या सप्तकातली काळी तीन खरंच उतरली आहे, ती रेकॉर्डच्या माथी नाही मारत.